पंखांवरच्या खुणा

"ती बघ, पट्टेवाली मादी! मागच्या पंखांवर पांढऱ्या रेघा," पुलाचा कठडा धरून ग्योक-लिएन म्हणाली.

"हो आजी, घेतली," यी-त्सेन म्हणाली.

पुली गावाबाहेरच्या या पुलावर दर रविवारी हौशी मंडळी फुलपाखरं मोजायला जमत. यी-त्सेन त्यांची म्होरकी, एरवी दवाखान्यात नर्स. गटातल्या म्हाताऱ्या ग्योक-लिएनने नाव सांगायचं आणि हिने हातातल्या मोजणीच्या यंत्राचं बटण दाबायचं. टक्.

आज टक् ऐकू आलं नाही, हे ग्योक-लिएनच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

ओढ्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल, असं म्हणून ग्योक-लिएनने कान दिला. "जांभळी झाक, कडेला ठिपके." टक् नाही. पलीकडून कुणीतरी "पिवळी!" म्हणालं आणि लगेच टक् झालं.

ग्योक-लिएनने कठडा सोडला. मग ती समोरच्या रिकाम्या झुडपाकडे बोट करून म्हणाली, "आणि ती शेपटीवाली. पांढरी, लाल ठिपक्यांची."

"हो आजी, घेतली."

लग्नाआधी ग्योक-लिएन फुलपाखरांच्या पंखांच्या कारखान्यात कामाला होती. जंगलातून आलेली फुलपाखरं रंगांप्रमाणे, खुणांप्रमाणे वेगळी करायची, मग त्या पंखांची चित्रं बनून परदेशी जायची. एक काळं फुलपाखरू जांभळ्याची हुबेहूब नक्कल करी. पंख मिटले की मात्र खालून वाळक्या पानासारखं तपकिरी दिसे. नवख्या पोरी तिथेच फसत आणि मुकादमीणबाईचा ओरडा खात. ग्योक-लिएन कधी फसली नव्हती. जाळं घेऊन डोंगर पालथे घालणारा तो-सेंग तिची ही नजर बघूनच तिच्यावर भाळला होता. त्याच्याशीच तिचं लग्न झालं; पुढे तो गेला. मुलगी दूर काओश्युंग शहरात. आता आठवडाभर घरात बोलायचा तो टीव्ही.

डोळ्याचा पडदा झिजला होता. बघावं तिथेच धुरकट डाग, कडेचं तेवढं दिसायचं. हे तिने मुलीलाही सांगितलं नव्हतं.

दुपारी सगळे पायऱ्यांवर डबे उघडून बसले. यी-त्सेनने तिच्या हातात पानात बांधलेला चिकट भात ठेवला.

"शेपटीवाली नव्हतीच," ग्योक-लिएन हळूच म्हणाली.

यी-त्सेनचा घास थांबला. "आजी..."

"कधीपासून चाललंय हे?"

"मागच्या वसंतापासून. तुम्ही नक्कल करणाऱ्यालाच जांभळी म्हणालात. परत परत." तिचा आवाज अडखळला. "सांगितलं असतं तर तुम्ही यायचं बंद केलं असतं ना हो."

"म्हणून वर्षभर मला खेळवलंस? अगं, मुकादमीणबाई तोंडावर तरी शिव्या द्यायची!"

"चुकलंच माझं. पण नुसत्या बसायला या ना. गप्पा मारू."

"नुसती बसायला घर आहे मला." पानाची दोरी न सोडताच तिने भात पिशवीत टाकला. गळ्यातलं मोजणीवाल्यांचं ओळखपत्र काढलं, नीट घडी घालावी तशी त्याची फीत गुंडाळली आणि यी-त्सेनच्या तळहातावर ठेवलं. पोरगी रडायला लागली, तेव्हा तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण ग्योक-लिएन तिथे थांबली नाही.

बसथांब्यावर एकच माणूस होता, पाठीवर पिशवी लावलेला, बाहेरगावचा.

"आजी, हलू नका! बाहीवर फुलपाखरू बसलंय. कुठलं हो हे?"

तिने मान झुकवली. डाग. मान वळवून कडेने पाहिलं, काहीतरी काळसर हललं. तोंडात दोन-तीन नावं आली. कुठलंही सांगितलं असतं तरी त्याला काय कळणार होतं!

"मला दिसत नाही, बाबा," ती म्हणाली.

हे वाक्य तिने पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारलं होतं.

"अरेरे," तो माणूस म्हणाला. मग बस येतेय का ते बघू लागला. बस आली. तो चढला, दारातून म्हणाला, "या ना आजी."

ग्योक-लिएनने मानेनेच नाही म्हटलं. बाहीवरचं फुलपाखरू उडू नये म्हणून तिचा हात तसाच अधांतरी होता, जरासुद्धा न हलता. बस निघून गेली.