खाली घेतलेला हात

“माझा हात मोजू नका,” आत्या म्हणाली आणि तिने वर केलेला हात खाली घेतला.

चर्च चालू ठेवायचं की बंद करून शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये सामील व्हायचं, यावर मतदान चाललं होतं. बाप्टिस्ट मंडळींत वरून हुकूम येत नाही. बाप्तिस्मा घेतलेले सभासदच हात वर करून ठरवतात. चालू ठेवायला बहुमत हवं होतं आणि ते आत्याच्या एका हातावर टिकलं होतं. चर्चमागच्या खोलीत तीच राहायची.

“का गं ताई? झोप लागली होती का?” शिंपीकाकांनी विचारलं.

“मी बाप्तिस्मा घेतलेला नाही.”

सगळे हसले. “अगं, प्रत्येकाच्या वेळी टाकीत तूच तर होतीस!”

ते खरंच होतं. हे चर्च उभारणाऱ्यांनी आधी बाप्तिस्म्याची टाकी बांधली. भिंती मागाहून आल्या. आमच्यात बाळावर पाणी शिंपडत नाहीत. कळत्या वयात माणसाने स्वतः मागायचं आणि पुरतं बुडायचं. आत्या टाकी घासायची, भरायची, घाबरलेल्या बायकांना हात धरून पायऱ्या उतरवायची. कायम कमरेपर्यंत भिजलेल्या त्या बाईला कुणी काही विचारलंच नाही.

“माझ्या वेळेला ताप आला. नंतर मागायची लाज वाटली.”

“पण आजवर हात वर करत आलीस ना?”

“पडद्यांचा रंग ठरवायला केला. आज चर्चचा प्रश्न आहे.”

चर्चचे तरुण पाळक वाकून हळूच म्हणाले, “आत्या, बसा. कुणाची हरकत नाही.”

“माझी आहे.”

“मग घे आत्ताच!” शिंपीकाका बाह्या सावरत उठले. “टाकी भरतो मी.”

“मतासाठी बुडू होय रे? देवाला काय खुळा समजलास?”

शिंपीकाका खाली बसले. मतं समसमान झाली आणि चर्च बंद करायचं ठरलं. मी तिचा सख्खा भाचा. चालू ठेवण्याच्या बाजूने हात वर केलेला. तिच्यावर चिडायचं ठरवलं होतं, जमलं नाही.

शेवटच्या रविवारी तिने बाप्तिस्मा मागितला. आता त्यातून काही साधायचं नव्हतं. मी हात पुढे केला, तर म्हणाली, “पायऱ्या माझ्या ओळखीच्या आहेत.”

ती बुडाली, वर आली, ठसकली. “डोक्याला भलतंच गार लागतं रे! बोलला नाहीत कधी कुणी.”

एरवी बाप्तिस्मा झाला की ती लगेच टाकीचं बूच काढायची. दार लावताना मी आठवण करून दिली.

“असू दे पाणी,” ती म्हणाली.