पाटीभर ज्वारी

झुंबरबाईनं पिंजरा दुकानाच्या ओट्यावर असा आदळला की दाणे टिपणारी कबुतरं भर्रकन उडाली. पिंजऱ्यात सहा माजलेले उंदीर होते. मंठ्याच्या मोंढ्यातले, धान्यबाजारातले अडते जुगलकिशोर शेठ ज्वारी उधळता उधळता थांबले.

"बाई, हे काय?"

"तुमचंच हाय. घ्या वळखून."

सकाळीच शेठचा हमाल दुकानातले उंदीर सोडायला तिच्या बांधावर हा पिंजरा उघडताना सापडला होता. दोन वर्षं ती आपल्या नशिबाला बोल लावत होती. यंदा दीड एकर हरभऱ्यातला निम्मा बिळांत गेला, आणि सगळं घर त्याच हरभऱ्यावर होतं. आता चोर सापडला, तोही देवमाणूस म्हणून मिरवणारा!

"जीव हाय, बाई. मारायचा कसा? आमच्यात बिलकुल चालत न्हाई."

"मंग दुकानातले कमी झाले का?"

कमी होतील कसे? तीन पिढ्यांचा नेम म्हणून रोज पाटीभर ज्वारी कबुतरांना, आणि कबुतरांनी टाकलेली उंदरांना. सहा उचलले की सहांची जागा मोकळी, खाणं मात्र तेवढंच. महिन्याभरात नवी पिल्लं ती जागा भरून काढायची. हे कळायला झुंबरबाईला शाळा लागली नव्हती. तिनं कोंबड्या पाळल्या होत्या.

"तुमचा एकबी जीव वाचला न्हाई, शेठ. मी औषध टाकून राह्यले. मागच्या आठवड्यात दोन घमेली भरून पुरले. पुण्य तुमचं, पाप माझ्या हातानं!"

शेठचा चेहरा पांढराफटक पडला. तिला त्यांची तसूभरही कीव आली नाही. ओच्यातली औषधाची पुडी काढून तिनं पिंजऱ्यावर ठेवली.

"आता हे तुमीच करा, न्हाईतर ही पाटी बंद करा."

आरडाओरडा ऐकून शेठची बायको संतोषबाई बाहेर आली होती. तिनं नवऱ्याच्या हातातली पाटी ओढून घेतली आणि उरलेली ज्वारी पोत्यात ओतली.

"आजपासून बंद. पण बाई, पुन्हा या ओट्यावर पाय ठेवू नका."

"ठेवते कशाला!"

पुडी उचलून, पिंजरा तिथंच टाकून झुंबरबाई निघाली. जिंकल्यासारखं तिला काही वाटेना. खायला मिळालं नाही की दुकानातले उंदीर घटतील. तिच्या शेतातलेही तसेच, खायला उरलं नाही की घटतील. पण त्याआधी तिचा हरभरा संपणार होता.