मागच्या फाटकाच्या गाड्या

बाबांनी तीस वर्षं इथल्याच कारखान्यात गाड्यांना दारं बसवली. रिटायर झाल्यावर ते माझ्या गॅरेजसमोर खुर्ची टाकून बसू लागले आणि तिथेच घोळ झाला. समोर रोज आठ-दहा देशी गाड्या बॉनेट उघडून उभ्या, परदेशी एकही नाही. एकदा म्हणाले, "लोक म्हणतात ते खरंच गं. आम्ही जन्मभर भंगारच बनवलं." माझं काळीज तुटलं.

खरं काय ते मला माहीत होतं, पण बोलायची सोय नव्हती. परदेशी गाडीवाले येतात मागच्या फाटकाने, गुपचूप. चारचौघांत मिरवलेली गाडी दोरीने ओढत आणली, हे कुणाला सांगणार? "ताई, कुणाला बोलू नका हं!" मी शब्द देऊन बसलेली. मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली अशा चार-पाच कायम असतात.

एका सकाळी बाबांनी कहरच केला. ज्या गाडीची दारं स्वतःच्या हातांनी बसवली होती, ती आमची पंचवीस वर्षांची गाडी विकायची आणि शेजारच्या वकीलसाहेबांची परदेशी घ्यायची! "सहा वर्षांत गॅरेजचं तोंड पाहिलं नाही म्हणे. सध्या बाहेरगावी आहे, संध्याकाळी दाखवतो म्हणाले."

बाहेरगावी कसली! यंदा तिसऱ्यांदा माझ्या शेडमध्ये होती. रागाने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण शब्द म्हणजे शब्द. मग मी जरा वकिली केली: बोलायचं नाही असं ठरलंय, काम सांगायचं नाही असं कुठे ठरलंय?

"बाबा, नुसते बसू नका. मागे एका गाडीचं दार लोंबतंय. तुमच्याइतका हात कुणाचा आहे?"

बाबा पाना घेऊन आत गेले. मग असे खदखदून हसले, की मी धावत गेले. त्यांनी पाचही ताडपत्र्या उचलून पाहिल्या होत्या. डोळे पुसले, बिजागरीचे स्क्रू आवळले आणि वकीलसाहेबांचं दार नीट बसवलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. "ताई, झाली का? तुमचे बाबा संध्याकाळी गाडी बघाय..."

दाराआडून बाबांनी डोकं वर काढलं. "या वकीलसाहेब! बाहेरगावाहून आली वाटतं?"

वकीलसाहेब आल्या पावली फाटकाकडे वळले. बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "अहो, बिघडते सगळ्यांचीच. आमची लाजत नाही, तुमची लाजते, एवढंच. चहा घेणार?"

आमची गाडी काही विकली गेली नाही. दुसऱ्या दिवशी समोरून जाणारा कुणी बॉनेटांकडे बघून कुजकट हसला, "देशी माल, दुसरं काय!" मी तोंड उघडणार, तोच बाबांनी मला डोळ्यांनी दटावलं. आता शब्द त्यांचाही होता ना.

"असेल बुवा," ते म्हणाले आणि आमच्या जुन्या गाडीचं दार त्यांनी एका बोटाने ढकललं. अलगद लागलं.