माझ्या पोटातला परका आवाज

मी गाण्याची एक जुनी तबकडी आहे, मित्रांनो, आणि स्वभावाने संशयी आहे. कव्हरात कुणाचा हात शिरला, की माझ्या मनात पाल चुकचुकते. हात धुतलेत का? सुई पुसली आहे का? माझ्या अंगावरचा ओरखडा पाहिलात, तर या संशयापायी मला नावं ठेवणार नाही.

माझ्यात ड्रम अँड बेस आहे. म्हणजे उधळलेले ड्रम आणि त्यांच्याखाली पोटात घुमणारा खर्ज. मला ऐकून कुणी शहाणं होत नाही, फक्त नाचायचं! मला घडवलं भिंगरीने. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला हेच नाव पडलं होतं. कपड्यांच्या कपाटात डोकं खुपसून तिने आपला आवाज टिपला. शेजारच्या खोलीत बाबांची वामकुक्षी चाललेली असायची. म्हणून गाण्याच्या मधोमध ती हसू दाबत म्हणते, "नाचा, पण हळू! बाबा झोपलेत!" आणि लगेच ड्रम सुटतात.

कारखान्यातून आम्ही बऱ्याच बहिणी एका खोक्यातून घरी आलो. शनिवारी हॉलमध्ये आमच्या तालावर सगळे नाचणार होते. भिंगरीचा तो पहिलाच कार्यक्रम, त्यामुळे तिचं जेवणात लक्ष नव्हतं.

बाबा घड्याळजी. मुलगी हल्ली दार लावून बसते, विचारलं तर "काही नाही हो" म्हणते, हे त्यांना खटकत होतं. एका सकाळी ती बाहेर पडल्याबरोबर त्यांनी मला खोक्यातून काढलं. आत्या दाराशी पहाऱ्याला उभी राहिली.

त्यांचा प्लेअर कायम मिनिटाला तेहतीस फेऱ्यांच्या वेगावर असे. मी पंचेचाळीसची. वेगाचा खटका सरकवायचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. जन्मभर लोकांची मागे पडलेली घड्याळं दुरुस्त केली, पण आपल्याच घरात मी मागे पडते आहे, हे त्यांना कळेना. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

माझे ड्रम लंगडू लागले. खर्ज कण्हू लागला. आणि भिंगरीच्या आवाजाऐवजी एक जाडाभरडा पुरुषी आवाज आला, "नाऽचा... पण हळूऽ... बाऽबा झोऽपलेत..."

"अगं बाई!" आत्या म्हणाली. "दादा, हा बाप्या कोण? आणि तू दुपारी झोपतोस हे त्याला कसं ठाऊक?"

बाबांचा चेहरा पडला. "म्हणजे मी झोपलो की तो घरात येतो."

खटका बघा, खटका, असं मला ओरडायचं होतं. पण तबकडीला जे कोरलंय तेवढंच बोलता येतं.

तेवढ्यात भिंगरी परतली. बाबांनी तिला दारातच गाठलं आणि तो आवाज पुन्हा ऐकवला.

"हा कोण, ते सांग. नाहीतर शनिवारी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही!" असं म्हणून त्यांनी रागाने सुईचा दांडा हिसकला. कर्रर्र! माझ्या अंगातून कळ गेली.

मला वाटलं, ती हसेल. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, तुम्ही मला ओळखलं नाहीत?"

तिने खटका सरकवला आणि सुई हलकेच टेकवली. "नाचा, पण हळू! बाबा..." पुढचं काही येईना. सुई ओरखड्यात अडकली होती. "बाबा... बाबा... बाबा..."

आता मात्र आवाज ओळखायला कुणाच्या मदतीची गरज नव्हती. बाबा खाली बसले. "चुकलो गं पोरी," ते म्हणाले.

शनिवारी माझ्या धडधाकट बहिणी हॉलवर गेल्या. बाबा आणि आत्याही गेले. मी घरीच होते, पण दुसऱ्या दिवशी आत्याचा गुडघा सुजला होता, त्यावरून काय ते समजले.

पुढे भिंगरी नोकरीसाठी लांब गेली. मी फळीवर धूळ खात पडले. परवा दुपारी बाबांनी मला खाली काढलं, तेव्हा वाटलं, झालं, निघाली आपली वरात भंगारात! पण ते आधी हात धुऊन आले होते. त्यांनी सुई पुसली आणि खटका पंचेचाळीसवर आहे ना, ते चष्मा लावून पाहिलं.

मित्रांनो, आम्हाला कडेने धरा, धुळीपासून जपा. आणि आपल्या माणसाचा आवाज परका वाटला, तर त्याच्यावर चिडण्याआधी आपला खटका कुठे आहे ते बघा. ओरखडा काही पुसता येत नाही.

माझा तर अजून तसाच आहे. सुई तिथे आली की अडकते, "बाबा... बाबा... बाबा..." ती उचलून पुढे ठेवायला हवी, हे बाबांना ठाऊक आहे. तरी ते बराच वेळ उचलत नाहीत.