वेलांटीकाकांचं वाक्य

वेलांटीकाकांनी त्या वाक्याखाली पुन्हा एकदा पेन्सिल ओढली आणि वर्तमानपत्र कचेरीत फोन घेणाऱ्या बाईंच्या टेबलावर आपटलं.

"'दोष आपलाच आहे.' हे वाक्य माझं. चार वर्षांपूर्वीचं!"

"कालही सांगितलंत, काका," बाई म्हणाल्या आणि वाजणारा फोन उचलला. पलीकडून आणखी कुणीतरी उपसंपादकाच्या लेखाचं कौतुक करत होतं.

पंधरा दिवसांपूर्वी बाजारात बॉम्ब फुटला, एकवीस माणसं गेली. सगळे शत्रूला शिव्या देत असताना उपसंपादकाने लिहिलं की, हा स्फोट आपल्याच संस्कृतीत रुजला. आपण परक्याला हसतो, त्याला दाराबाहेर उभं करतो आणि आत बसून स्वतःच्या थोरवीची गाणी गातो. लेख गाजला. तेव्हापासून वेलांटीकाकांच्या पोटात जे दुखायला लागलं, ते थांबेना.

तीस वर्षं ते या वर्तमानपत्रात मुद्रितं तपासत होते. लोकांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढता काढता हे नाव पडलं होतं. आपल्या संस्कृतीतल्या याच दोषांवरचा त्यांचा लेख चार वर्षांपूर्वी संपादकांनी साभार परत केला होता. तो त्यांनी तेव्हा मोठ्या हौसेने कँटीनमध्ये उपसंपादकाला वाचायला दिला. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला, दुसरं काय!

"तुम्ही जळताय," बायको म्हणाली होती.

"जळतोय तर जळतोय. पेरलं मी आणि कापलं त्याने."

खरंच जळत होते. उपसंपादकाचं हसणं, त्याचं बसणं, काही म्हणता काही त्यांना बघवत नव्हतं. छपाईखात्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी ते वाक्य कुणाचं, हे ऐकवून झालं होतं.

दुपारी एक माणूस आला. हातात तोच लेख, कापून चार घड्या घातलेला.

"हे लिहिणाऱ्यांना भेटायचंय. माझी बायको त्या दिवशी बाजारात होती. गेली."

उपसंपादक उठला. "लेख मी लिहिलाय."

माणसाने घडी उलगडून 'दोष आपलाच आहे' यावर बोट ठेवलं. "आणि हे वाक्य?"

उपसंपादकाने मान खाली घालून वेलांटीकाकांकडे हात केला. "ते यांचं आहे. मी उचललं. यांचं नाव द्यायला हवं होतं, दिलं नाही. चुकलंच माझं."

सगळ्या खोलीने ऐकलं. बाईंनी हातातला फोन खाली ठेवला. एवढे दिवस वेलांटीकाकांना हेच तर हवं होतं, आणि क्षणभर त्यांची छाती खरोखर फुगली.

माणूस त्यांच्या टेबलाशी आला.

"बटणं आणायला गेली होती ती. माझ्याच शर्टाची." त्याने वाक्य सावकाश वाचलं. "यात 'आपला' म्हणजे तुम्ही तिचाही दोष धरलाय का?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. काकांनी तोंड उघडलं. व्याकरणाने उत्तर सोपं होतं: 'आपण' म्हटलं की बोलणारा, ऐकणारा, सगळेच आले.

"लेखावर नाव तर यांचं आहे," ते उपसंपादकाकडे बघत म्हणाले.

माणसाने तिकडे पाहिलंच नाही. त्या शब्दावर बोट ठेवून तो काकांसमोर तसाच उभा राहिला.