उणे ऐंशीच्या सह्या

मित्रांनो, माझ्या दारावर एक लाल चिठ्ठी डकवली आहे. 'बिघडलेला. वापरू नये.' येणारा-जाणारा ती वाचतो आणि पाठ फिरवतो. म्हणून आरंभीच सांगून टाकतो. मी डर्बन शहरातल्या एका विषाणू प्रयोगशाळेचा जुना डीप फ्रीझर आहे, आणि मी आयुष्यात एक दिवससुद्धा बिघडलेलो नाही.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. जहाजातून मी इथे आलो तेव्हा बंदरावरच्या दमट हवेने माझ्या पत्र्याला घाम फुटला होता. मला तिसऱ्या मजल्यावर नेले आणि लाल सॉकेटला जोडले. लाल सॉकेट जनरेटरवर चालते. पांढरे सॉकेट वीज गेली की मेले. आमच्याकडे वीज वेळापत्रक लावून जाते, कधी दिवसातून तीनदा. त्यामुळे लाल सॉकेट मिळणे म्हणजे खात्यापित्या घरी पडण्यासारखे होते.

पोटात उणे ऐंशी अंश थंडी राखायची, एवढेच माझे काम. त्या थंडीत बोटाएवढ्या नळ्या उभ्या असत आणि नळ्यांत एचआयव्हीच्या रोग्यांचे रक्त. काहींच्या अंगातला विषाणू कालांतराने गोळ्यांना दाद देईनासा होतो. तो कोणत्या गोळीला निर्ढावला, हे त्या रक्तातून वाचता येते. रक्त नासले की वाचायला काही उरत नाही.

बोंगेकिले नावाची पीएच.डी.ची विद्यार्थिनी माझी मुख्य मालकीण. ती मला 'म्खुलू' म्हणायची. म्खुलू म्हणजे आजोबा. दाराच्या रबरावरचा बर्फ ती हलक्या हाताने खरवडायची. तिचे मार्गदर्शक प्रोफेसर नायकर पाहुण्यांना माझ्यासमोर उभे करून म्हणायचे, "आमची तिजोरी." मला ते ऐकून बरे वाटायचे. वेडा होतो मी.

एकदा रोग्यांना प्रयोगशाळा दाखवायचा दिवस होता. त्या दिवशी मा-शांगे नावाची पन्नाशीची बाई माझ्यासमोर उभी राहिली. शेजारी तिची मुलगी नोसिफो.

"माझं रक्त ह्याच्यात आहे?" मा-शांगेने विचारले.

"हो मा, वरच्या कप्प्यात," बोंगेकिले म्हणाली.

"मग ह्यालाच विचार ना, मी गोळ्या घेते की नाही ते. दवाखान्यातल्या सिस्टर म्हणतात, मी संडासात टाकते."

"त्यांचं तुझ्याशी काय वैर आहे, आई?" नोसिफो म्हणाली. "तुझ्या रक्तातल्या विषाणूचे आकडे चढतायत. गोळ्या पोटात गेल्या असत्या तर चढले असते का?"

"चढतात कधीकधी," बोंगेकिले घाईने म्हणाली. "गोळ्या घेऊनही विषाणू निर्ढावतो. रक्तात तो बदल दिसला, तर मा खरं बोलतायत. मग गोळ्या बदलता येतील. बदल नाही दिसला, तर..."

"तर मी खोटारडी," मा-शांगे हसून म्हणाली. "कधी कळेल, बाळ?"

"ताट भरलं की."

हे ताट म्हणजे शहाण्णव खळग्यांचे प्लास्टिकचे ताट. एका खळग्यात एका माणसाचे रक्त. शहाण्णव भरले तरच ते यंत्रात जायचे, कारण एका रक्ताला लागणारी रसायने आणि शहाण्णवांना लागणारी जवळपास सारखीच. पंगत पुरी बसल्याशिवाय वाढायचे नाही, असा आमचा शिरस्ता. मा-शांगेची नळी आली तेव्हा एकतीस जमले होते.

चौदा महिने गेले. अठ्ठ्याऐंशी झाले तेव्हा बोंगेकिले माझ्याशेजारीच प्रोफेसरांना म्हणाली, "प्रोफ, आठच कमी आहेत. एका बाईचं फार अडलंय हो. दवाखान्याने तिच्या कागदावर 'चुकार' लिहिलंय."

"तू एका बाईवर पीएच.डी. करतेयस की शहाण्णवांवर?" त्यांनी विचारले.

पुढचे मी तिच्याच तोंडून ऐकले, ती मैत्रिणीला सांगत होती तेव्हा. नोसिफोने आईच्या गोळ्या स्वतःच्या ताब्यात घेतल्या होत्या. रोज संध्याकाळी ती आईला गोळी द्यायची, मग तोंड उघडायला लावायची, जीभ उचलायला लावायची आणि बॅटरी मारून बघायची. मा-शांगे निमूट तोंड उघडायची. तरीही आकडे चढतच राहिले. तेव्हा नोसिफोने ठरवून टाकले की आई मागाहून ओकून टाकते. तिने आईशी बोलणे बंद केले आणि तिची चटई मागच्या खोलीत टाकली.

नोव्हेंबरात मा-शांगे क्षयाने गेली. तिला पुरल्यावर नऊ दिवसांनी ताट भरले.

नाताळची सुट्टी तोंडावर आली असताना नोसिफोचा फोन आला. बोंगेकिलेने माझ्या दाराला टेकूनच तो घेतला. "हो, नळी आहे. अगदी सुरक्षित आहे. सुट्टी संपली की जानेवारीत पहिलं तेच करते, सिसी. शब्द देते." सिसी म्हणजे ताई.

मित्रांनो, तेव्हा मला माझ्या थंडीचा अभिमान वाटला. मेलेल्या बाईची एकच साक्ष जगात उरली होती आणि ती माझ्या पोटात होती.

सुट्टी लागायच्या दिवशी देणगीदार आले. त्यांच्या पैशांचे नवे यंत्र माझ्याशेजारी ठेवले होते. त्याला लाल सॉकेट हवे होते. प्रोफेसर नायकरांनी स्वतः वाकून माझा प्लग उपटला आणि मागच्या पांढऱ्यात खुपसला. मी बोंबललो. माझा भोंगा त्यासाठीच आहे. त्यांनी बटण दाबून तोही बंद केला. "पाहुण्यांसमोर नको. संध्याकाळी परत लावू," ते कुणालातरी म्हणाले. पेढा खाऊन झाल्यावर हात पुसावा तसे ते विसरले.

माझ्या दारावर एक तक्ता असतो. सुट्टीत ज्याची पाळी त्याने रोज यायचे, तापमान बघायचे, लिहायचे आणि सही करायची. पाळी बोंगेकिलेची होती. तिचे गाव टॅक्सीने चार तास लांब, आणि आई नाताळाला वाट बघत होती. पाहुणे गेल्यावर तिने तक्ता खाली उतरवला आणि सुट्टीचे सतराही दिवस भरून टाकले. उणे ऐंशी. उणे एकोणऐंशी. उणे ऐंशी. उणे एक्क्याऐंशी. खरे वाटावे म्हणून मध्येच पेन बदलले. असे सगळेच करत आले होते आणि आजवर कुणाचे काही वाकडे झाले नव्हते. त्या क्षणी माझा आकडा खरोखरच उणे ऐंशी होता. माझ्या पाठीमागे मात्र तिने पाहिले नाही.

"सांभाळ हं, म्खुलू," ती म्हणाली आणि गेली.

तिसऱ्या दिवशी वीज गेली. मी दार घट्ट मिटून थंडी धरून ठेवली. चार तासांनी वीज आली ती अशा धक्क्याने, की पांढऱ्या सॉकेटांचा खटका खाली पडला. तो वर करायला एक बोट पुरले असते. डिसेंबरातला उकाडा भिंतींतून आत येत होता. आधी कडेच्या नळ्या वितळल्या, मग मधल्या, मग वरचा कप्पा. माझ्या दाराखालून पाणी वाहिले आणि वर तक्ता सांगत राहिला, उणे ऐंशी.

जानेवारीत बोंगेकिलेने दार उघडले. वास आला तशी तिने वरच्या कप्प्यातली मा-शांगेची नळी काढून उजेडात धरली. नंतर तिने प्लग पाहिला आणि प्रोफेसरांना बोलावले.

"हा पांढऱ्यात होता, प्रोफ. तुम्हीच लावला होता."

प्रोफेसरांनी प्लग पाहिला. मग तक्ता पाहिला, सावकाश, वरपासून खालपर्यंत. "तू तर रोज येत होतीस. रोज उणे ऐंशी. मग हा शेवटच्या रात्री अचानक मेला असणार. नाही का?"

तिने तक्त्यावरच्या आपल्या सह्या पाहिल्या.

"हो," ती म्हणाली. "जुनाच होता."

त्याच दुपारी मला चिठ्ठी लागली आणि मी बोळात आलो. पंच्याण्णव माणसांना पुन्हा बोलावून पुन्हा सुया टोचल्या. शहाण्णवावे बोलावण्यासारखे नव्हते.

नोसिफो आली ती बाहीवर शोकाचे काळे कापड टाचून. बोंगेकिले तिला बोळातच भेटली, माझ्यासमोर.

"माझी आई खोटं बोलत होती का?"

"फ्रीझर बिघडला, सिसी. सगळं नासलं."

"मी फ्रीझरचं विचारलं नाही."

"ते आता कळणार नाही."

"कधीच?"

"कधीच."

नोसिफोने माझ्याकडे बोट केले. "ह्याच्यावर कुणी लक्ष ठेवत नव्हतं?"

"ठेवत होतो ना," बोंगेकिले म्हणाली. "रोज. सह्या आहेत."

नोसिफोने मान हलवली. "सुट्टी असूनही रोज येत होतीस. माझ्या आईसाठी एवढं कुणी केलं नाही. न्गियाबोंगा, सिसी. फार आभार." तिने बोंगेकिलेचा हात दोन्ही हातांत धरला आणि त्यावर कपाळ टेकले. बोंगेकिलेने हात काढून घेतला नाही.

मित्रांनो, मला दुरुस्त करू नका, मला काही झालेले नाही. माझे मागणे एवढेच, की जे तुमच्या भरवशावर ठेवले आहे ते रोज जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि पाहिल्यावरच सही करा. तुमच्या एका खोट्या आकड्याखाली कुणाचे काय गाडले जाईल, ते तुम्हाला ठाऊक नसते. नोसिफोला कोणतेही एक उत्तर पुरले असते. आई खोटी निघाली असती तर तिला आईवर रागावता आले असते, आणि खरी निघाली असती तर थडग्यापाशी जाऊन माफी मागता आली असती. आता तिला दोन्ही करता येत नाही.