पहिला रेडा, बारावा वैदू

मी फळा बोलतोय. आजवर लोकांनी माझ्यावर काय लिहिलंय ते वाचलं आणि पुसून टाकलं. आज माझं स्वतःचं थोडं सांगणार आहे, तेवढं ऐकून घ्या.

१९९१ साली बिदरच्या सिद्धप्पा सुतारानं मला घडवलं. चार फळ्या जोडल्या, मागून दोन पट्ट्या ठोकल्या, वर काळ्या रंगाचे दोन हात दिले. रंग नीट वाळायच्या आधीच नरहरराव मास्तर मला न्यायला हजर. ते शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी घरच्या पुढच्या खोलीत शिकवणी घ्यायचे. खोलीला रस्त्याकडून दार होतं आणि दारासमोरच्या भिंतीवर मी. सिद्धप्पानं मला टांगल्यावर मास्तरांनी त्याला तीनदा विचारलं, "सरळ आहे ना?" वाकडं काही त्यांना खपत नसे, मग तो फळा असो की उत्तर.

खोलीत बारा पोरं मावायची. दर रविवारी चाचणी व्हायची आणि संध्याकाळी माझ्यावर निकाल लागायचा, एकपासून बारापर्यंत. त्या वर्षांत मी माणसांची एक खोड बघून ठेवली. यादी वाचताना माणूस आधी आपलं नाव बघतो, मग पहिल्याचं, मग शेवटच्याचं. मधली नावं कुणी वाचत नाही. आपण शेवटचे नाही एवढं कळलं की बऱ्याच जणांना जेवण गोड लागतं. बाराव्या नंबरावर नाव लिहिताना मात्र माझ्याच अंगावर काटा यायचा. ते पोर पुढचा आठवडाभर माझ्याकडे पाठ करून बसायचं.

मास्तर निवृत्त झाले, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढू लागला आणि शिकवणी बंद पडली. त्यांचा मुलगा संकर्षण त्याच सुमारास पुण्याला कंपनीत नोकरीला निघाला. त्यानं इथंच राहून बी.एड. करावं असं मास्तरांच्या मनात होतं. "जातोस तर जा," एवढंच ते म्हणाले आणि त्यानंतर बापलेकांचं बोलणंच आटलं. मला भिंतीवरून उतरवलं गेलं. मास्तरांच्या पत्नी मालतीबाईंनी मला गच्चीवर नेऊन माझ्यावर सांडगे वाळत घातले. ज्या अंगावर वर्गसमीकरणं सोडवली, त्यावर सांडगे! मी पाच उन्हाळे तोंड मिटून ते सोसलं. कावळे सोबतीला होते, पण कावळ्यांशी काय बोलणार?

२००९ साली पुण्याच्या कंपनीनं माणसं कमी केली आणि संकर्षण परत आला. मास्तरांनी का आलास विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. दोघांत दिवसाकाठी दोनच वाक्यं व्हायची, "जेवलास का?" आणि "हो." पुढच्या खोलीत त्यानं सहा कॉम्प्युटर मांडून नेट कॅफे काढलं. दिवसभर लोक फॉर्म भरायला, निकाल बघायला यायचे. संध्याकाळी मात्र एक टोळकं जमायचं आणि इंटरनेटवरचा एक खेळ खेळायचं.

तो खेळ मला हळूहळू समजला. त्यात एक जादूचं राज्य, त्यात किल्ले, भुयारं आणि राक्षस. बारा वीर असतात. त्यांतला एक निवडायचा, त्याच्या अंगात शिरायचं आणि चौघांनी मिळून लढायचं. वीरांची खरी नावं कुणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून टोळक्यानं आपलीच ठेवली होती. बैलाच्या डोक्याचा, गदा घेतलेला तो रेडा. बर्फ फेकणारी ती बर्फवाली. हाडांचे सापळे उठवणारा हाडक्या. आणि पाठीला कुबड, हातात औषधी मुळ्यांची पिशवी, स्वतः कुणाला मारू न शकणारा, नुसत्या दुसऱ्यांच्या जखमा बऱ्या करणारा तो वैदू.

कुठला वीर चांगला यावर रोज भांडणं. शेजारच्या मैलूरचा योगीराज पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होता, तो रेड्यासाठी जीव द्यायला तयार. बिदरजवळच्याच कोळारच्या गोदामात कामाला असणारा नागराज पाळी सुटली की थेट इथं यायचा, तो बर्फवालीचा. एकदा दोघं हमरीतुमरीवर आले तेव्हा संकर्षण उठला, गच्चीवर गेला, माझ्यावरचे सांडगे परातीत काढले आणि मला पुन्हा जागेवर टांगलं. "दर रविवारी सगळ्यांनी मिळून नंबर लावायचे," तो म्हणाला. "फळ्यावर लागला तो नंबर. आठवडाभर वाद नको."

पुन्हा यादी, पुन्हा बारा नावं! आता पुन्हा कुणीतरी माझ्याकडे पाठ करून बसणार. पण पहिल्या रविवारी बाराव्या नंबरावर वैदू लिहिला गेला आणि कुणीही रडलं नाही. वैदूला त्याचं काही नव्हतं. मला फार हलकं वाटलं. शेवटचं नाव लिहून घेताना लाज वाटली नाही, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं.

घोटाळा दुसऱ्या रविवारी झाला. मास्तर काठी टेकत आतून पुढच्या खोलीत आले आणि माझ्यासमोर थबकले. मोतीबिंदूतून त्यांना नावं काही दिसली नाहीत. दिसल्या त्या बारा पांढऱ्या ओळी, डावीकडे आकडे, सगळं त्यांच्याच पद्धतीचं.

"शिकवणी सुरू केलास की रे!" ते म्हणाले. "मला सांगितलास नाही."

संकर्षणनं तोंड उघडलं, पण बापाचा चेहरा बघून तसंच मिटलं. सहा वर्षांत त्या चेहऱ्यावर त्याच्यासाठी काही उमटलं नव्हतं. "हो अप्पा," तो म्हणाला. नागराजनं खाकरून मान फिरवली.

हल्लीची शिकवणी कॉम्प्युटरवरच होत असेल असं धरून दुसऱ्या दिवसापासून मास्तर रोज संध्याकाळी दारात खुर्ची टाकून चौकशी करू लागले.

"पहिला कोण?"

"योगीराज, अप्पा. मैलूरच्या रेवणप्पांचा." रेडा योगीराज चालवत असे, तेव्हा हे अगदीच खोटं नव्हतं.

"मन लावून करतो का?"

"लई. जागचा उठत नाही."

"मग चुकतो कुठं?"

"घाई करतो."

"पायऱ्या गाळत असेल. आणि शेवटच्याला मागं नको बसवू. पुढं घे त्याला."

बापाचं ऐकायचं म्हणून संकर्षणनं त्या संध्याकाळी वैदूला खरंच सगळ्यांच्या पुढं धाडलं. अर्ध्या मिनिटात राक्षसानं त्याला तुडवलं आणि पाठोपाठ बाकीच्या तिघांनाही. "तुमच्या अप्पांचं ऐकून मेलो की अण्णा!" योगीराज ओरडला. मास्तरांचा उपदेश सगळीकडे लागू पडत नाही हे मला तेव्हा कळलं.

पण घरात बोलणं सुरू झालं होतं. शिकवणीवरून सुरू व्हायचं आणि पुण्याच्या खोलीभाड्यावर, तिथल्या पाण्यावर, कंपनीतल्या साहेबावर जायचं. नोकरी कशी गेली हे संकर्षणनं एका संध्याकाळी माझ्यासमोरच सांगितलं. मास्तरांनी काठी बाजूला ठेवली आणि म्हणाले, "तुझी चूक नव्हती ती." मालतीबाई दाराआड उभ्या होत्या. शिकवणी-बिकवणी काही नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "सांगून टाक रे संकू," त्या त्याला एकट्याला गाठून म्हणायच्या. "सांगतो आई," तो म्हणायचा, आणि सांगायचा नाही. सांगितलं की बोलणं पुन्हा बंद पडेल, ही त्याची भीती मला भिंतीवरून स्वच्छ दिसत होती.

त्यात रेवणप्पा आले. बाजारात मास्तरांनी त्यांना योगीराज पहिला येतो म्हणून सांगितलं होतं. रेवणप्पांच्या वाडवडिलांनी मेंढरं राखली, आता स्वतः ते थोडी शेती आणि मोलमजुरी करत. खांद्यावर नवीकोरी घोंगडी टाकून ते उंबऱ्यात उभे राहिले.

"मास्तर, आमच्या घरात पहिला नंबर कुणी आणला न्हवता बघा. ही ठेवा. आमच्या चुलत्यानं विणलीय." मग जरा कचरत म्हणाले, "धाकटी तुळजा हाय. तिला बी बसवून घेता का शिकवणीला?"

योगीराज कॉम्प्युटरच्या मागं इतका वाकला की दिसेनासा झाला. संकर्षण काहीतरी सांगायला उठला. पण त्याच्या आधी मास्तरच बोलले, आणि जरा घाईनंच बोलले. "जागा नाही हो रेवणप्पा. बारा भरले."

रेवणप्पा मान डोलावून निघून गेले. अप्पांनी आपल्याला वाचवलं असं संकर्षणला वाटलं. मलाही तसंच वाटलं, पण मास्तरांसारखा माणूस शिकायला आलेल्या पोरीला परत का पाठवील, हे काही मला उलगडेना.

मग गुलबर्ग्याच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून तारीख आली. एका डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. घरात सगळ्यांना आनंद झाला आणि संकर्षणचं जेवण सुटलं. मास्तरांना दिसू लागलं की घरी येऊन ते पहिल्यांदा काय वाचणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

निघताना संकर्षण योगीराजला म्हणाला, "आम्ही यायच्या आत फळा पूस. चार गणितं लिहून ठेव. अवघड दिसणारी."

"मला कुठं येतात अण्णा?"

"पुस्तकातली उतरव की!"

तिसऱ्या दिवशी दुपारी योगीराजनं फडकं घेतलं. रेडा पुसला, बर्फवाली पुसली, सहा नावं गेली. तेवढ्यात फोन वाजला. संकर्षण गुलबर्ग्याच्या बसस्टँडवरून बोलत होता. "योग्या, पुसू नको. आहे तसं राहू दे."

दवाखान्यात काय घडलं होतं ते मला पुढं मालतीबाईंच्या बोलण्यातून कळलं. पट्टी निघाल्यावर मास्तरांनी खिडकीकडे नाही, डॉक्टरांकडे नाही, आधी पोराकडे बघितलं होतं. "वाळलास की रे," म्हणाले होते. त्यानंतर संकर्षणला खोटं धरून ठेवता येईना.

इकडे योगीराज आणि नागराज पुसलेली सहा नावं आठवून लिहायला बसले आणि तिसरा हाडक्या की चौथा यावर संध्याकाळपर्यंत भांडले. कशीबशी यादी पुरी झाली तोच दारात रिक्षा थांबली.

मास्तर काळा चष्मा लावून आत आले. चार पावलांवर उभे राहिले आणि मोठ्यानं वाचू लागले, पोरांची हजेरी घ्यावी तसं.

"एक, रेडा. दोन, बर्फवाली. तीन, हाडक्या." आवाज हळूहळू खाली गेला. "बारा, वैदू." ते वळले. "ही पोरांची नावं आहेत?"

"नाही अप्पा," संकर्षण म्हणाला. "खेळातली माणसं आहेत. कॉम्प्युटरवरच्या. शिकवणी नाही, कधीच नव्हती. मी खोटं बोललो."

"म्हणजे तू गणित शिकवत नव्हतास?"

"नाही."

"एकालाही?"

"नाही अप्पा."

मास्तर खुर्चीवर बसले आणि त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की माझ्यावरचा खडू उडाला असता. "सुटलो रे बाबा!" ते म्हणाले आणि हसायलाच लागले. हसता हसता डोळ्याला धक्का लागेल म्हणून मालतीबाई घाबरून धावल्या. "अहो, हळू! डोळा!"

"अगं, दहावीत याला गणितात किती पडले हे मी विसरलो का? लोकांच्या पोरांचं वाटोळं व्हायलंय आणि मी दारात बसून बघायलोय, असं झालं होतं मला. म्हणून तर रेवणप्पाच्या पोरीला परत धाडलो. झोप उडाली होती माझी."

संकर्षण बघतच राहिला. "मग मला बोललात का नाही अप्पा?"

मास्तर हसायचे थांबले. काळ्या चष्म्याआडून त्यांनी पोराकडे बघितलं. "कसा बोलू?" ते म्हणाले. "किती वर्षांनी तू तोंड उघडला होतास माझ्याशी. त्यात तुझ्या चुका काढायला कामून बसू मी?"

संकर्षण बापाच्या खुर्चीजवळ जमिनीवरच बसला. नागराजनं कॉम्प्युटर बंद केला. इतके महिने ते दोघं एकाच भीतीनं एकमेकांना सांभाळत होते, आणि मी मध्ये भिंतीवर असून मला एकच बाजू दिसली होती. आनंदानं माणसाचे डोळे भरतात तसं फळ्याला करता आलं असतं तर माझी यादी त्या दिवशी वाहून गेली असती.

दुसऱ्या दिवशी मास्तर योगीराजला घेऊन मैलूरला गेले आणि रेवणप्पांना खरं सांगून आले. रेवणप्पांनी पोराला दोन शिव्या दिल्या आणि घोंगडी परत घ्यायला साफ नकार दिला. त्यांची एकच अट होती, पहिला नंबर आता खरा यायला पाहिजे. तेव्हापासून सकाळी मास्तर तुळजाला आणि योगीराजला माझ्यासमोर बसवतात. नंबर लावत नाहीत, दोघांचे काय लावणार?

हे झालं त्याला दोन वर्षं झाली. आता २०१२ आहे. माझ्या उजव्या कोपऱ्याला चीर गेलीय. फोनवर नेट आल्यापासून कॅफेत गर्दी कमी असते आणि त्या खेळातले निम्मे लोक दुसऱ्या खेळाकडे गेलेत म्हणे. मला काळजी नाही. दर रविवारी संध्याकाळी बापलेक खडू घेऊन माझ्यासमोर उभे राहतात. "नुसत्या मारण्यावर नंबर लावायलास," मास्तर म्हणतात, "वैदू होता म्हणून तुझा रेडा जगला, ते कोण धरणार?" संकर्षण म्हणतो, "अप्पा, तुम्हाला खेळ कळत नाही." मास्तर म्हणतात, "तुला गणित कळत नाही." मालतीबाई आतून ओरडतात, शेजारी खिडकी लावून घेतात.

कधी बिदरला आलात तर रविवारी या. यादी वाचायची घाई करू नका, ती रात्रीपर्यंत चारदा बदलते. पायरीवर बसा आणि त्या दोघांचं भांडण ऐका. मला तर आता दुसरं काही ऐकायचं उरलेलं नाही.